थंडीतील लिथियम सौर बॅटरी (कोकण किनारपट्टी)

छपरावरच्या सौर पॅनलची वीज साठवून ती रात्री किंवा लाईट गेल्यावर वापरण्यासाठी बसवलेल्या लिथियम बॅटरीवर कमी तापमानाचा होणारा परिणाम, आणि त्या दृष्टीने पालघर ते सिंधुदुर्ग या किनारपट्टीतला तिचा वापर. अशा बॅटरीच्या माहितीपुस्तिकेत ‘शून्य अंशाखाली चार्ज करू नये’ असा ठळक इशारा असतो. इशारा अगदी खरा आहे, पण कोकणात तो लागू होण्याची वेळ येत नाही. इथे बॅटरीचे आयुष्य खातात ते एप्रिल-मे आणि पावसाळा. पौष-माघाचे दिवस तिला उलट मानवतात.

घरगुती सौर संचांत आता बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. बॅटरीच्या धन बाजूसाठी हे संयुग वापरता येते, हे टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. लिथियम बॅटरीवरील कामासाठी गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांसह विभागून मिळाले. या प्रकारचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. चार सेलची १२.८ व्होल्टची, तर सोळा सेलची ५१.२ व्होल्टची बॅटरी होते.

चार्ज होताना लिथियमचे आयन फॉस्फेटमधून सुटतात, मधल्या द्रवातून पलीकडे जातात आणि ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. गारठ्यात हे शिरणे मंदावते. सेल शून्याच्या खाली असताना त्यात जोराने वीज ढकलली, तर आयनांना आत जागा घ्यायला वेळ पुरत नाही आणि ते ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचतात. असे साचलेले बरेचसे लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणून बॅटरीची क्षमता कायमची घटते. धातूचे सुईसारखे स्फटिक वाढले तर दोन बाजूंमधला पातळ पडदा भेदून आत शॉर्ट सर्किटही होऊ शकते. नुकसान त्या दिवशी दिसत नाही, म्हणून ते जास्त घातक. वीज काढून घेताना मात्र आयन ग्रॅफाइटमधून बाहेर पडत असतात, त्यामुळे हा धोका उद्भवत नाही. म्हणूनच चार्जिंगची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस, तर वापराची उणे २० ते ६० अंश अशी वेगवेगळी दिलेली असते. कडाक्याच्या थंडीत वापर चालतो, फक्त बॅटरी लवकर उतरते. हे आकडे सेलच्या तापमानाचे आहेत, हवेच्या नव्हे. जड बॅटरी सावकाश गार होते आणि सावकाशच तापते.

आता कोकणातली थंडी. रत्नागिरीसारख्या ऐन किनाऱ्यावरच्या गावी जानेवारीतल्या पहाटेही पारा सरासरी १८-२० अंशांच्या आसपास राहतो. समुद्र जमिनीला फार गार होऊ देत नाही. सड्यावर वसलेल्या दापोलीचा अनुभव वेगळा आहे. तिथे काही पहाटे पारा १० अंशांच्याही खाली जातो. हापूसचा बागायतदार मोहोरासाठी ज्या थंडीची वाट पाहतो, ती हीच. घाट चढून महाबळेश्वरला गेले, तर वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठलेले दिसतात, पण तेही पहाटेच्या काही तासांपुरते. थोडक्यात, दापोलीतल्या सर्वांत गार पहाटेसुद्धा घरात ठेवलेली बॅटरी शून्यापासून पुष्कळ लांब असते. या तापमानाला क्षमतेत थोडी घट होते, ती घरच्यांच्या लक्षातही येत नाही. काही उत्पादक ५ ते १० अंशांच्या दरम्यान चार्जिंग हळू ठेवायला सांगतात. ती काळजी ऊन आपोआप घेते, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात पॅनल कमीच वीज देते आणि ते भरात येईपर्यंत घर उबदार झालेले असते. सेल गरम ठेवणारी पट्टी बसवलेल्या बॅटऱ्या लेह-लडाखात गरजेच्या आहेत. कोकणातल्या घरासाठी तिचे जादा पैसे मोजणे हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे.

पॅनलला तर गारवा हवाच असतो. तापमान एका अंशाने वाढले की सिलिकॉन पॅनलची वीज सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. त्यामुळे मे महिन्यातल्या कडक दुपारपेक्षा जानेवारीतल्या निरभ्र दुपारी, तेवढ्याच प्रखर उन्हात, तेच पॅनल जास्त वीज देते. दिवस लहान असला तरी पॅनल दक्षिणेकडे नीट कलते असेल तर संध्याकाळपर्यंत बॅटरी भरते. गार पॅनलचे व्होल्ट मात्र वाढतात. पॅनल एकामागोमाग जोडून चार्ज कंट्रोलरच्या, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणाऱ्या उपकरणाच्या, कमाल व्होल्टच्या अगदी काठावर संच बांधला असेल, तर दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात गार सकाळ धरून हिशेब करायला हवा.

थंडीत कोकणात खरोखर होणारा बिघाड बॅटरीत नसतो, तो सेटिंगमध्ये असतो. पाणी घालायची जुनी ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्ल बॅटरी काढून तिच्या जागी लिथियम बॅटरी जोडली जाते, आणि इन्व्हर्टर किंवा चार्ज कंट्रोलर जुन्याच सेटिंगवर राहतो. शिसे-आम्ल बॅटरीला गारठ्यात जास्त व्होल्ट लागतात. म्हणून तापमानाचा सेन्सर असलेला कंट्रोलर २५ अंशांच्या खाली, दर अंशामागे, १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण १८ ते ३० मिलिव्होल्ट वाढवत जातो. सेन्सर १५ अंश दाखवत असेल तर चार्जिंगच्या नेहमीच्या १४.४ व्होल्टचे १४.६ ते १४.७ व्होल्ट होतात. चार सेलच्या लिथियम बॅटरीची कमाल मर्यादाच १४.६ व्होल्ट आहे. तिथे पोचताच, किंवा एखादा सेल इतरांच्या पुढे गेला असेल तर त्याआधीच, बॅटरीतली संरक्षक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, चार्जिंग तोडते. घरच्यांना वाटते, थंडीने बॅटरी बसली. खरे तर बॅटरीने स्वतःला वाचवलेले असते. लिथियमला तापमानानुसार व्होल्ट बदलण्याची ही सोय बंदच ठेवावी लागते. शिसे-आम्ल बॅटरीसाठी असलेले, १५ व्होल्टच्या वर जाणारे समतोल चार्जिंगही (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्ट देणे) बंद ठेवावे. इन्व्हर्टरमध्ये लिथियमचा पर्यायच नसेल, तर इन्व्हर्टर बदलल्याशिवाय बॅटरी बदलू नये.

उष्णतेचे गणित उलटे चालते. सेलचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे जीर्ण होणे ढोबळ मानाने दुप्पट वेगाने होते. त्यामुळे पत्र्याखालचा माळा ही बॅटरीसाठी सर्वांत वाईट जागा, आणि अडचण नको म्हणून नेमकी तीच निवडली जाते. पश्चिमेचे ऊन येणारी पडवीही टाळावी. कौलारू घरात माजघराची जांभ्याची आतली भिंत उत्तम. बॅटरी जमिनीपासून वीतभर वर आणि चारही बाजूंनी हवा फिरेल अशी असावी. पडवीतल्या बॅटरीला हिवाळ्यात आणखी एक त्रास होतो. पहाटेच्या दमट हवेतले दव गार धातूच्या पेटीवर बसते, त्यात खाऱ्या हवेचे मीठ मिसळते आणि तांब्या-पितळेच्या टर्मिनलवर हिरवट गंज धरतो. गंजलेला जोड तापतो. दिवाळीनंतर एकदा जोड साफ करून, पक्के आवळून त्यांवर पेट्रोलियम जेली लावली तर हा त्रास टळतो. हे काम पॅनल आणि मेन दोन्ही बंद करूनच करावे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. बॅटरी नसलेला, थेट महावितरणच्या जाळ्याला जोडलेला सौर संच अशा वेळी ऊन असूनही बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. घरात दिवा हवा असेल तर बॅटरी आणि ती चालवू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर, दोन्ही लागतात.

चाकरमान्यांच्या बंद घरांचा प्रश्न वेगळा आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर अशी घरे कुलूपबंद असतात, आणि आतली बॅटरी महिनोन्महिने पूर्ण भरलेल्या अवस्थेत उभी राहते. उकाड्यात भरलेला सेल अर्ध्या भरलेल्या सेलपेक्षा लवकर जीर्ण होतो. मुंबईला निघताना बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून आधी पॅनलचा आणि मग बॅटरीचा ब्रेकर बंद करावा. टक्केवारी बीएमएसच्या पडद्यावर पाहावी, व्होल्ट मीटरवर विसंबू नये, कारण या प्रकारच्या बॅटरीचे व्होल्ट मधल्या बहुतेक टप्प्यात जवळजवळ सारखेच राहतात. गणपतीनंतर बंद केलेले घर शिमग्याला उघडले, की आधी बॅटरी पूर्ण भरू द्यावी, म्हणजे सेल एका पातळीवर येतात आणि टक्केवारीचा आकडाही जागेवर येतो.