लांबच्या वाटेने लवकर

आई-बाबा नातवंडांकडे कॅलिफोर्नियाला निघाले की घरात कुणीतरी विचारतंच, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब? भिंतीवरच्या नकाशाला विचारू नका, तो फसवतो. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याची दोन टोकं दोन शहरांवर धरा आणि दोरा घट्ट ताणा. तो आडवा जातच नाही. हिमालय, चीन, सायबेरिया करत वर सरकतो, ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे आर्क्टिक महासागराला शिवतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. ही सर्वांत जवळची वाट, सुमारे १२,४०० किलोमीटरची.

विमानं दोऱ्यावरून जातातच असं मात्र नाही. एअर इंडियाचं हे विमान आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. तो रस्ता १३,९०० किलोमीटरच्या आसपास. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर भरलं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशेने जास्त. आणि पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर!

भागाकार करून बघा. ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर. या बोइंग ७७७ विमानाचा नेहमीचा वेग ताशी ९०० च्या घरात. वरचे दीडशे आले कुठून? वाऱ्यातून. विमानाचा वेग असतो तो भोवतालच्या हवेच्या हिशेबाने. ती हवाच पुढे वाहत असेल तर तिचा वेग फुकटात मिळतो. नावाडी वल्हं तेवढ्याच जोराने मारतो, पण होडी धारेला लागली की काठावरची झाडं भराभर मागे पडतात. आतल्या प्रवाशाला काही कळत नाही, समोरचा चहाही हिंदकळत नाही.

ही धार म्हणजे जेट स्ट्रीम. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा पट्टा. हिवाळ्यात जपानच्या आसपास तो सर्वांत जोरात असतो, कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. जगाला कळावं म्हणून बिचाऱ्याने अहवाल लिहिला एस्परांतो या जगभरासाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत, आणि तो फारसा कुणी वाचलाच नाही! मग दुसऱ्या महायुद्धात जपानवर उडणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना हा वारा नव्याने भेटला.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना हीच धार उरावर घ्यावी लागते, म्हणून परतीपेक्षा जाताना जास्त वेळ बसून राहावं लागतं.

पॅसिफिकच्या वाटेवर कॅलेंडरही गंमत करतं. ऑक्टोबर २०१६ चं ते विमान दिल्लीहून निघालं रविवारी पहाटे चारला. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की खाली शनिवार. तो संपून पुन्हा रविवार उजाडला तेव्हा विमान उतरत होतं, सकाळी सहाच्या सुमारास. तिथल्या घड्याळाने प्रवास दोन तासांचा; आईच्या सुजलेल्या पावलांना विचारलं तर ती साडेचौदाच सांगतील.