यूज-आफ्टर-फ्री (कर्नलचे नेटवर्किंग)

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने (यंत्र चालवणाऱ्या तिच्या गाभ्याने) मेमरीचा एक तुकडा वापरून परत केला, पण त्याचा पत्ता कर्नलच्याच दुसऱ्या एखाद्या भागाजवळ राहून गेला आणि तो भाग पुढेही त्या पत्त्यावर वाचू-लिहू लागला, तर त्या दोषाला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात. सी भाषेत लिहिलेल्या कर्नलमध्ये तो कुठेही घडू शकतो. नेटवर्किंगच्या भागात तो वारंवार सापडला आहे, म्हणून या नोंदीत त्याच भागाचा विचार केला आहे.

नागपूरकराला हा दोष कळमना बाजाराच्या उदाहरणाने चटकन उमगेल. समजा, संत्र्यांच्या एका ढिगाचा सौदा झाला आणि अडत्याने हमालाला चिठ्ठी दिली : ‘१४ नंबरच्या जागेवरचा माल गाडीत भर.’ तेवढ्यात दुसऱ्या हमालाने तोच माल उचलून नेला, जागा मोकळी झाली आणि तिथे भलत्याच शेतकऱ्याचा ढीग पडला. पहिली चिठ्ठी फाडायची राहूनच गेली. ती घेऊन आलेला हमाल जागा बरोबर शोधतो, माल मात्र परक्याचा उचलतो. सी भाषेतला पॉइंटर म्हणजे अशी चिठ्ठी. त्याला जागा ठाऊक असते. तिथे आता कोणाचा माल आहे, हे ठाऊक नसते. हल्लेखोर नेमका हाच क्षण साधतो आणि जागा मोकळी होताच तिथे आपला ढीग आणून टाकतो. त्याने रचलेले बाइट कर्नल स्वतःचे समजून वाचतो. त्यांत एखाद्या फंक्शनचा पत्ता असला, तर कर्नल हल्लेखोर नेईल तिकडे जातो, आणि साध्या खात्याला रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार मिळू शकतात.

नेटवर्किंगमध्येच हे इतके का घडते? लिनक्समध्ये प्रत्येक पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) ‘एसके-बफ’ नावाच्या रचनेत ठेवलेले असते. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, आयपी, टीसीपी, फायरवॉल आणि पॅकेट टिपणारी साधने अशा अनेक हातांतून ते जाते. आणखी किती जण ते वापरत आहेत, याचा आकडा म्हणजे रेफरन्स काउंट. घेणाऱ्याने तो एकने वाढवायचा, सोडणाऱ्याने एकने कमी करायचा, आणि शून्य झाला की मेमरी परत. नियम सोपा आहे, पण तो हजारो ठिकाणी पाळावा लागतो. त्यातही काम मध्येच फसल्यावर आवराआवर करणाऱ्या ओळी फार क्वचित चालतात, म्हणून तिथली चूक वर्षानुवर्षे दडून राहते.

सीव्हीई-२०१७-६०७४ (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषांना दिला जाणारा क्रमांक) हा दोष याचा स्वच्छ नमुना आहे. डीसीसीपी हा फारसा न वापरला जाणारा प्रोटोकॉल २००५ मध्ये लिनक्समध्ये आला. जोडणीची विनंती घेऊन आलेले पॅकेट एका विशिष्ट आयपीव्ही६ पर्यायामुळे पुढच्या वापरासाठी राखून ठेवले जात होते, त्याचा आकडाही रीतसर वाढवला जात होता. पण नंतरची ओळ तो आकडा न पाहताच मेमरी मोकळी करत होती. आंद्रेई कोनोवालोव्ह यांना हे सिझकॉलर या आपोआप चाचण्या घेणाऱ्या साधनाच्या मदतीने सापडले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ते जाहीर झाले. अकरा वर्षांहून अधिक टिकलेल्या या चुकीची दुरुस्ती मोजक्या ओळींची होती.

दुसरा प्रकार वेळेच्या टकरीचा. नागपूरची डायमंड क्रॉसिंग प्रसिद्ध आहे. रूळ एकमेकांना छेदतात तिथे एका दिशेला सिग्नल दिला की आडव्या दिशेचा सिग्नल अडकून राहील, अशी इंटरलॉकिंगची सोय रेल्वेत असते. कर्नलमध्ये हे काम लॉक करतो. सीव्हीई-२०१६-८६५५ मध्ये तो लॉकच कमी पडला होता. एक थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) पॅकेट सॉकेटसाठी (कच्ची पॅकेट घेण्या-देण्याच्या द्वारासाठी) बफर उभारत असताना दुसरा थ्रेड त्याच सॉकेटची आवृत्ती बदलू शकत होता. मग बंद करताना कर्नलला वाटे की या सॉकेटला टायमर नाहीच. मेमरी परत जाई, टायमर मात्र चालूच राही आणि वेळ झाली की मोकळ्या झालेल्या जागेतला पत्ता वाचून उडी घेई. हा दोष २०११ पासून होता. २०१६ च्या अखेरीस दोन्ही ठिकाणी लॉक लावून तो मिटवला गेला.

नेटफिल्टर या फायरवॉलच्या भागातला सीव्हीई-२०२४-१०८६ हाही यूज-आफ्टर-फ्री जातीचाच आहे. फायरवॉलच्या निर्णयाची किंमत नीट न तपासल्याने एकच पॅकेट दोनदा मोकळे होई. २०१४ च्या ३.१५ आवृत्तीपासून पुढच्या कर्नलांत तो होता, आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबरसुरक्षा संस्थेने हल्ल्यांत प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत त्याची भर घातली.

या तिन्ही दोषांसाठी यंत्रावर आधीपासून खाते किंवा प्रोग्राम चालवण्याची संधी लागते. त्यावरून ते किरकोळ ठरवणे चुकीचे आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका सर्व्हरवर शेकडो विद्यार्थ्यांची खाती असतात, होस्टिंगच्या यंत्रावर अनेक ग्राहकांचे कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्राम) असतात. तिथे आतला माणूस कोण, हे ठरवणेच कठीण. त्यात युजर नेमस्पेसच्या (खात्याला स्वतःचा वेगळा कप्पा देण्याच्या) सोयीमुळे साध्या खात्यालाही स्वतःपुरते नेटवर्कचे अधिकार मिळतात आणि एरवी बंद असलेला बराच कोड त्याच्यासमोर उघडा होतो. गरज नसेल तिथे ही सोय बंद ठेवणे उत्तम.

अशा दोषांच्या शोधासाठी २०१५ पासून लिनक्समध्ये केसॅन हे तपासणीचे साधन आहे. दर आठ बाइटमागे एक बाइट राखून ते कोणती जागा वापरण्याजोगी आहे याची नोंद ठेवते आणि मोकळी जागा लगेच दुसऱ्याला देत नाही. त्यामुळे जुनी चिठ्ठी घेऊन आलेला कोड पकडला जातो. २०१७ मध्ये आलेला रेफकाउंट-टी हा डेटाचा प्रकार रेफरन्स काउंटचा आकडा मर्यादेपलीकडे गेल्यास तिथेच गोठवतो, म्हणजे फार तर मेमरी वाया जाते. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्ट भाषेला जागा मिळाली. मालकी कोणाची हे तिथे कंपायलरच तपासतो. नेटवर्किंगचा मुख्य भाग मात्र अजूनही सीमध्येच आहे.

दुरुस्त कर्नलचे पॅकेज बसवले तरी यंत्र रीबूट होईपर्यंत मेमरीत जुनाच कर्नल चालतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून हीच पायरी बहुधा राहते. अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नलच असतो : नेटवर्क मार्गांच्या नोंदींतला सीव्हीई-२०२४-३६९७१ हा यूज-आफ्टर-फ्री दोष ऑगस्ट २०२४ च्या अँड्रॉइड सुरक्षा पत्रकात आला, तेव्हा निवडक लोकांविरुद्ध त्याचा वापर झाल्याची चिन्हे दिसली होती. सीताबर्डीच्या दुकानातून घेतलेला जुना फोन अशा दोषापासून वाचला आहे की नाही, हे सेटिंग्जमधल्या सुरक्षा पॅचच्या तारखेवरून बऱ्याच अंशी समजते.