माउसच्या पोटातला कॅमेरा

भाच्याने दुकानातूनच फोन लावला. "मामा, एक माउस २६ हजार डीपीआयचा आहे, दुसरा फक्त १२ हजार डीपीआयचा. मोठाच घेऊ ना?" त्याची काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या संगणक खेळाची टीम आहे, स्पर्धा तोंडावर आलेली. मी म्हटलं, आधी दोन्ही हातात धरून बघ, आकड्याचं नंतर बोलू.

माउस उलटा केला की पोटाशी एक छोटं भोक दिसतं. त्याच्या आत कॅमेरा असतो. शेजारचा दिवा माउसखालच्या मॅटवर तिरपा उजेड टाकतो, कापडाच्या धाग्यांच्या बारीक सावल्या पडतात आणि कॅमेरा सेकंदाला हजारो फोटो काढतो. आतली चिप प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर सरकवून बघते, की नक्षी किती हलली? जेवढी हलली तेवढे 'काउंट' ती संगणकाला कळवते. एका इंचाला किती काउंट, तो आकडा म्हणजे डीपीआय.

आता काउंटर-स्ट्राइकचा हिशोब बघा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउसची हालचाल खेळात किती पटीने धरायची तो आकडा, १ असेल तर एका काउंटला खेळातली नजर ०.०२२ अंश वळते. ८०० डीपीआयला एका इंचात १७.६ अंश, म्हणजे पूर्ण गिरकीला साधारण ५२ सेंटिमीटर. वीस मीटरवरचं डोकं साधारण अर्ध्या अंशाचं दिसतं; त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला हात पाऊण मिलिमीटरच्या आसपास हलवावा लागतो. सरावाने ते जमतं. सेन्सिटिव्हिटी तीच ठेवून डीपीआय २६ हजार केला, तर तेच अंतर केसाच्या जाडीहूनही कमी होतं. एवढा बारीक हात कोणाचाच चालत नाही. म्हणून मुरलेले खेळाडू बहुतेक ४०० किंवा ८०० वरच खेळतात. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोलिंग रेटचं, म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा संगणकाला खबर देतो त्या आकड्याचंही तसंच. १००० हर्ट्‌झचा माउस दर मिलिसेकंदाला खबर देतो, ८००० चा त्याच्या आठव्या हिश्श्यात. पण ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर नवं चित्रच जवळजवळ १७ मिलिसेकंदांनी येतं. अशा वेळी आधी १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घ्यावा.

वजनाकडे मात्र नीट लक्ष द्या. झटक्यात नेम फिरवायचा तर माउस सुटायलाही जोर लागतो आणि थांबायलाही, आणि थांबणंच अवघड. स्नायू जितका जास्त जोर लावतो तितकी त्याची हालचाल विस्कटते. हॅरिस आणि वोल्पर्ट या शास्त्रज्ञांनी १९९८ साली हाताच्या हालचालींचा सिद्धांत याच गोष्टीवर उभारला. पूर्वी शंभर-सव्वाशे ग्रॅमचे माउस सर्रास असायचे. २०२० साली आलेला लॉजिटेकचा सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत बसला, तोही वायरलेस. काहींना इतका हलका माउस हातात थरथरल्यासारखा वाटतो. त्यांनी थोडा जड घ्यावा, त्यात काही चूक नाही.

क्लिकबद्दल सांगतो, कारण मी त्यात पोळलो आहे. साध्या बटणाखाली धातूची पातळ पट्टी असते. ती आदळली की क्षणभर उड्या मारते, म्हणून माउस थोडा थांबून मगच क्लिक मोजतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माझा चांगला महागडा माउस एका क्लिकला दोन क्लिक देऊ लागला. संपर्काच्या जागी गंज किंवा मळ धरला की असं होतं. एकच गोळी झाडायची तिथे दोन सुटायच्या आणि मी हरायचो. ऑप्टिकल स्विचमध्ये पट्टीऐवजी प्रकाशाचा झोत अडतो, त्यामुळे हे दुखणं उद्भवत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत मी तोच घ्यायला सांगेन. याच हवेत कापडी मॅटही ओल धरते आणि पावसाळ्यात माउस जड सरकतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मॅट पंख्याखाली ठेवा.

भाच्याने शेवटी १२ हजार डीपीआयचाच घेतला. दुसऱ्यावर त्याची करंगळी मॅटला घासत होती, आणि पंजा उंच ठेवून बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला ते चालत नाही. घरी येऊन त्याने ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ लावली, माउसशेजारी फूटपट्टी ठेवली आणि भिंतीवरच्या एका खुणेपासून गिरकी मारली. फूटपट्टी दोनदा लावावी लागली. माप आलं ५२ सेंटिमीटर.