खुडूक कोंबडी

खुडूक कोंबडी : अंडी देणे थांबवून ती उबवण्यासाठी त्यांच्यावर बसू लागलेली कोंबडी. या अवस्थेला खुडूकपणा म्हणतात. कोंबडी ‘खुडूक झाली’ किंवा ‘खुडूक बसली’ असे बोलण्यात येते, तर तिच्याखाली अंडी मांडण्याला ‘रवण घालणे’ असा जुना शब्द आहे. अंड्यांच्या व्यापारी उत्पादनात खुडूकपणा हा दोष समजला जातो. परसात चार-दहा कोंबड्या पाळणाऱ्याची गोष्ट उलटी असते : पुढच्या वर्षीच्या कोंबड्या त्याला याच अवस्थेतून मिळतात, आणि म्हणून चांगली बसणारी कोंबडी तो सहसा विकत नाही आणि कापतही नाही.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा दक्षिण आणि आग्नेय आशियातील जंगलांत आढळतो. त्याची मादी पाच-सहा अंडी घालते आणि त्यांवर बसते. अंडी देणे आणि उबवणे हे तिच्या बाबतीत एकाच क्रमाचे दोन भाग आहेत. गावरान कोंबडीने हा क्रम टिकवून ठेवला आहे. ती साधारण १२ ते १५ अंडी ओळीने देते, मग खुडूक होते, आणि वर्षातून असे तीन-चार वेळा घडत असल्यामुळे तिची वर्षाची अंडी ५० ते ८० च्या पुढे क्वचितच जातात. (सह्याद्रीत आढळणारा राखी रानकोंबडा ही वेगळी जाती आहे, मात्र पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक तिच्याकडून आल्याचे २००८ मध्ये दाखवून देण्यात आले. तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने तिची अंडी आणून घरच्या कोंबडीखाली ठेवणे हा गुन्हा ठरतो.)

खुडूकपणाचे कारण शरीरांतर्गत आहे. घरट्यात अंडी साचू लागली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात स्रवते, त्याच्या प्रभावाने अंडाशय आक्रसतो आणि अंडी बंद होतात. पोटाखालची पिसे गळून तेथील कातडी उघडी पडते. तिच्यात रक्तवाहिन्या दाटलेल्या असल्याने ती हाताला गरम लागते, आणि अंड्यांचा स्पर्श या कातडीला होत राहिला की प्रोलॅक्टिनचे प्रमाण टिकून राहते. रोजची अंडी रोज उचलली तर कोंबडी उशिरा खुडूक होते, याचे कारण हेच.

खुडूक कोंबडी ओळखणे अवघड नसते. अंडे घालून झाले तरी ती जागा सोडत नाही, संध्याकाळी बाकीच्यांबरोबर दांडीवर चढत नाही, आणि हात जवळ नेला की सगळी पिसे फुलवून घशातल्या घशात गुरगुरते व टोचते. तिचा तुरा फिका पडतो. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटांसाठी, ती उठते. घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, मातीत लोळते, आणि दिवसभर धरून ठेवलेली भली मोठी, उग्र वासाची विष्ठा घरट्यापासून दूर टाकून पुन्हा अंड्यांवर जाते. या फेरीत ‘क्रुक्-क्रुक्’ असा जो तुटक आवाज ती काढते, तो एकदा ऐकलेल्या माणसाला कोंबडी पाहण्याचीही गरज उरत नाही. तरीही जाणते पाळणारे तिला लगेच चांगली अंडी देत नाहीत. दोन रात्री तिला टाकाऊ अंड्यांवर बसवून तिचा नेट पाहतात, आणि ती टिकली तरच अंधार पडल्यावर खरी अंडी खाली सरकवतात.

अंडी निवडण्यात हयगय झाली तर उबवणीचे पुढचे २१ दिवस वाया जातात. अंडी फळण्यासाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा पुरतो. कोंबड्याचे वीर्य कोंबडीच्या शरीरात सुमारे दोन आठवडे जिवंत राहत असल्यामुळे, विशिष्ट कोंबड्याचीच पिल्ले हवी असतील तर आधीचा कोंबडा दूर केल्यावर तीन आठवडे थांबावे लागते. हौशी पैदास करणाऱ्यांची फसगत बहुतेक येथेच होते : नवा असील (झुंजीच्या देशी जातीचा) कोंबडा आणून आठवड्याभरात अंडी मांडली जातात आणि निघालेल्या पिल्लांचा बाप मात्र जुनाच असतो. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, ती धुतलेली नसावीत, तडा गेलेली किंवा बेढब नसावीत, आणि साठवताना रुंद टोक वर ठेवावे. उन्हाळ्यात घरातल्या उष्म्याने गर्भाची वाढ अर्धवट सुरू होऊन थांबते व असे अंडे पुढे फळत नाही. म्हणून दिवाळी ते होळी हा काळ रवण घालण्यास सर्वांत चांगला समजतात.

एका गावरान कोंबडीखाली तिच्या आकाराची १० ते १२ अंडी मावतात. जास्तीच्या हव्यासाने पंधरा-सोळा मांडली तर कडेची अंडी आळीपाळीने गारठतात आणि नुकसान सगळ्यांचेच होते. जागा अंधारी, कोरडी व कुत्र्या-मांजरापासून दूर असावी लागते. पाटीत किंवा जुन्या टोपलीत माती वा राख पसरून वर भाताचा पेंढा घालतात, आणि उवा-पिसवांसाठी कडुनिंबाचा पाला टाकतात. मेघगर्जनेने अंडी बिघडतात अशा समजुतीने टोपलीत कोळसा किंवा लोखंडी खिळा ठेवण्याची रीतही खेड्यांत आढळते. कडुनिंबाचा उपयोग समजण्यासारखा आहे, खिळ्याचा नाही. पण ठेवल्याने बिघडत काही नाही.

बसलेली कोंबडी चोचीने अंडी दिवसातून अनेकदा फिरवते आणि कडेची मध्याकडे ओढते. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून मरतो. सातव्या-आठव्या रात्री अंडी उजेडात पाहण्याची पद्धत आहे : पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोक पाडून त्याखाली टॉर्च धरतात आणि अंड्याचे रुंद टोक भोकावर टेकवतात. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसतो. न फळलेले अंडे सगळीकडे सारखे पिवळट उजळते. आणि रक्ताचे नुसते कडे दिसले तर गर्भ मेलेला असतो. शेवटच्या दोन प्रकारची अंडी काढून टाकतात, नाहीतर ती सडून फुटतात आणि त्यांची घाण बाकीच्यांवर जाते.

विसाव्या दिवशी पिल्लू अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवून श्वास घेऊ लागते व आतूनच चिवचिवते; कोंबडी त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. चोचीवरच्या तात्पुरत्या टणक काट्याने ते कवचाला टोच पाडते, आणि तेथून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. या वेळात कवच सोलून ‘मदत’ करणे ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी दया होय, कारण पडद्यातील रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात आणि पिल्लू रक्तस्रावाने मरते. बाहेर येण्यापूर्वी उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असल्यामुळे पिल्लाला दोन दिवस खाल्ल्यावाचून चालते. म्हणूनच मागे राहिलेल्या अंड्यांसाठी कोंबडी पहिल्या पिल्लांना घेऊन बसून राहू शकते, आणि एक दिवसाची पिल्ले खोक्यातून दूरवर पाठवण्याचा व्यापारही त्याच आधारावर उभा आहे.

खरी घट पिल्ले निघाल्यानंतर होते. घार, कावळा, मुंगूस, बोका आणि धामण हे नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांच्यापासून वाचवण्यासाठी पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना आईसकट डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकतात. (झाकलेल्या कोंबड्यामुळे तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण याच डालग्याशेजारी सुचलेली असणार.) दुसरे संकट मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. त्यावर पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लशीचे इंजेक्शन देतात. मात्र लशीची कुपी निदान शंभर मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर काही तासांत वापरावी लागते; आठ पिल्लांच्या मालकाला हे परवडत नाही, म्हणून वाडीतल्या पाच-दहा घरांनी एकाच दिवशी लस टोचून घेणे हाच व्यवहार्य मार्ग राहतो.

बसण्याचा गुण जातीनुसार बदलतो. असील कोंबडी चिकाटीने बसते आणि पिल्लांसाठी कुत्र्याच्याही अंगावर जाते; कडकनाथ क्वचितच खुडूक होते, त्यामुळे तिची अंडी गावरान कोंबडीखाली उबवतात. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने हा गुण जवळजवळ नाहीसा झाला आहे. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या परसासाठी तयार केलेल्या सुधारित कोंबड्या गावरानाहून दुप्पट किंवा त्याहून अधिक अंडी देतात, पण त्याही सहसा बसत नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी, म्हणजे २०१२ पेक्षा जवळपास ४६ टक्के अधिक, नोंदली गेली. सुधारित पिल्लांचे वाटप करणाऱ्या योजनांत अंड्यांचा हिशेब मांडला जातो. पुढची पिल्ले दर वेळी उबवणी केंद्रातूनच आणावी लागतील, हे मात्र लाभार्थ्याला बहुधा दुसऱ्या वर्षी उमगते. ज्याने घरात एक-दोन गावरान कोंबड्या राखल्या आहेत त्याची ही अडचण अर्धी कमी होते, कारण खुडूक कोंबडी अंडे कोणाचे हे पाहत नाही. ती बदकाची अंडीदेखील त्यांचे २८ दिवस पुरे होईपर्यंत उबवते.

विजेवर चालणारी लहान उबवणी यंत्रे आता सर्रास मिळतात, आणि थर्माकोलच्या खोक्यात दिवा, पंखा व तापमान नियंत्रक बसवून ती घरीही बनवतात. त्यांत तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के, शेवटच्या तीन दिवसांत त्याहून अधिक, राखावी लागते. वीज चार तास गेली की हिशेब चुकतो. यंत्र पन्नास अंडी घेते हे खरे, पण त्यातून निघालेल्या पिल्लांना ऊब, संरक्षण आणि दाणे टिपण्याचे शिक्षण माणसालाच द्यावे लागते.

अंडीच हवी असतील तर खुडूकपणा मोडतात. त्यासाठी कोंबडीला पाण्यात बुचकळणे, नाकपुडीत पीस अडकवणे असे क्रूर उपाय खेड्यांत चालत आले आहेत. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवल्याने पोट थंड पडून तेच काम त्रासावाचून होते. पिल्ले घेऊन फिरणारी कोंबडी मात्र आपल्या वेळेनेच सुटते. सहा ते आठ आठवड्यांनी तिचा तुरा पुन्हा लाल होऊ लागतो, जवळ आलेल्या पिल्लाला ती टोचून दूर करते, आणि एके संध्याकाळी त्यांना खाली सोडून दांडीवर चढते. त्यानंतर काही दिवसांतच खुराड्यात तिचे पहिले अंडे सापडते.