‘आय-सेव्हन म्हणजे वेगवानच’: एक जुना गैरसमज

चतुर्थी जवळ आली की म्हापशा-मडगावात कॉम्प्युटर घेणाऱ्यांची वर्दळ वाढते, आणि एक वाक्य हमखास कानावर पडतं: “आय-सेव्हन घे, गिगाहर्ट्झ जास्त बघ, डोळे झाकून.” डोळे झाकूनच फसायला होतं.

आय-सेव्हन हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं नाव. गिगाहर्ट्झ म्हणजे त्या मेंदूतल्या घड्याळाचे सेकंदाला किती अब्ज ठोके. एका ठोक्यात काम किती उरकतं, ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. इंटेलच्याच पेंटियम ४ या प्रोसेसरने २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झ गाठले. २००६ चा २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ त्याला सहज मागे टाकून गेला. कुळागरात भराभर पावलं टाकणारा गडी आणि एका खेपेला दुप्पट नारळ आणणारा गडी, यातला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको.

आय-सेव्हनचंही तेच. २०१७ चा आय-सेव्हन ७७०० चार कोअरचा, म्हणजे आत काम करणारे चार गडी, मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ. २०२२ चा आय-फाइव्ह १२४०० सहा कोअरचा, मूळ वेग फक्त २.५. तरी नवा आय-फाइव्हच सरस. नावातला थ्री-फाइव्ह-सेव्हनचा चढता आकडा त्या-त्या पिढीपुरता खरा. जुना माल खपवायला मात्र तो फार उपयोगी पडतो.

हिशेब आणि टायपिंगला आय-थ्री पुष्कळ झाला. गेम खेळायचे तर उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या वेगळ्या भागात घाला. स्वस्त मिळतो म्हणून नावाशेवटी ‘एफ’ असलेला इंटेलचा प्रोसेसर घेतलात, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. वेगळ्या कार्डाशिवाय पडदा काळाच राहील.