काजूचं टरफल म्हणजे नुसतं जळण?

कोकणात वर्षानुवर्षं हेच ऐकू येतं, आणि ते चूक आहे. टरफलातलं तेल हाताला लागलं की बिब्ब्यासारखं उततं. दोघांचं कूळ एकच. पण या जहाल तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल भरपूर असतं, आणि ते अँटीऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारं आहे. ते हवं तर तेल थंडच काढायचं, घाण्यावर दाबून किंवा तेल विरघळवणाऱ्या द्रावकाने. बी भाजली की आम्लातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतं कार्डानॉल नावाचं दुसरं रसायन. तेही ब्रेक लायनिंगमध्ये, रंगांत खपतं.

पण अँटीऑक्सिडंट आहे म्हणून टरफलाचा काढा करून पिण्याचा शहाणपणा कुणी करू नये, तोंड सोलून निघेल! गरावरची तांबूस साल निराळी: तिच्यातली कॅटेचिन, म्हणजे दुसऱ्या जातीची अँटीऑक्सिडंट, पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात उतरतात.