नागपूर ते कन्याकुमारी गाडीने: हॉटेल बुक करण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांसाठी आमच्याकडे चालकासह भाड्याच्या गाडीची चौकशी सुरू झाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मोबाइलवर तर एवढेच तास दाखवतात, मग तुम्ही एक दिवस जास्त का सांगता?" फोनवर प्रत्येकाला सविस्तर सांगणं जमत नाही, म्हणून हे माहितीपत्रक. उदाहरण कन्याकुमारीचं घेतलं आहे, कारण राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या गावातून जातो आणि हीच सहल सगळ्यात जास्त विचारली जाते.

अंतर एका बाजूने सुमारे १,७५० किलोमीटर. हैदराबाद ५००, तिथून बंगळुरू साधारण ५७०, पुढे मदुराई ४३५ आणि शेवटचा टप्पा २४५. रस्ता बहुतेक ठिकाणी उत्तम आहे.

मोबाइलमधला नकाशा खोटं सांगत नाही, पण तो चहा, जेवण, बाथरूम आणि मुलांच्या उलट्या मोजत नाही. शिवाय पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला स्पीड गव्हर्नर असतो, ती ताशी ८० च्या वर जात नाही. शेजारून खासगी गाड्या पुढे जातात तेव्हा चालकाला "दाबा ना थोडी" म्हणू नका, त्याच्या हातात काही नसतं. दिवसभराचा हिशेब आम्ही ताशी ५५ ते ६० किलोमीटर धरतो, आणि तो बरोबर येतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक

ग्राहक आधी हॉटेलं बुक करतात. पहिली रात्र हैदराबाद, दुसरी बंगळुरू, तिसरी मदुराई. पैसे भरून होतात आणि मग गाडीत बसल्यावर थांबे आठवतात. "दादा, तो धबधबा इथेच आहे ना? जरा आत घ्या की."

पहिलाच दिवस बघा. पहाटे साडेपाचला वर्धा रोडला लागलात, पांढरकवडा मागे टाकून पिंपळखुटीपुढे पैनगंगा ओलांडली, की तेलंगणा लागतं. आदिलाबादच्या पुढे नेरेडीकोंड्याहून कुंतला धबधब्याला फाटा जातो. महामार्गापासून फक्त बारा किलोमीटर. ऐकायला अर्ध्या तासाचं काम वाटतं. प्रत्यक्षात आत जाणं, गाडी लावणं, पायऱ्या उतरणं, फोटो, पुन्हा त्याच पायऱ्या चढणं, सगळ्यांना गोळा करणं आणि परत महामार्गावर येणं यात अडीच तास जातात. आजी-आजोबा बरोबर असतील तर तीन. पावसाळ्यानंतर तो धबधबा पाहण्यासारखाच असतो, चुकवा असं आम्ही अजिबात म्हणत नाही. पुढे निर्मलला लाकडी खेळणी रंगवतात. मुलं तिथून लवकर निघत नाहीत, आणि निघूही नयेत.

हे दोन्ही पाहिलं, की हैदराबाद रात्री दहाला लागतं. शहरातली गर्दी, हॉटेल शोधणं, जेवण, झोपायला बारा. दुसऱ्या दिवशी कोणीच आठच्या आत उठत नाही आणि दुसरा दिवसही गेला. एका धबधब्याने अख्खी सहल मागे पडत जाते, आणि मग मदुराईत पोचल्यावर मंदिर बंद.

यात चूक धबधब्याची नाही, मुक्कामाच्या जागेची आहे. हाच दिवस आम्ही आखतो तेव्हा मुक्काम कामारेड्डीला ठेवतो. हैदराबाद तिथून शंभर-एकशेदहा किलोमीटर पुढे राहतं. संध्याकाळी उजेडात पोचता, जेवून वेळेवर झोपता, आणि सकाळी आउटर रिंग रोडने हैदराबादला वळसा घालून कर्नूलकडे लागता. चारमिनार बघायचाच असेल तर हैदराबादला सबंध दिवस द्या. येता-जाता तो होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी थांबे, त्यावरून मुक्काम, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. दिवसाला एक मोठा थांबा, फार तर दोन छोटे. मोठ्या थांब्याला अडीच तास धरायचेच, फाटा कितीही जवळ असो.

पुढच्या वाटेवर आम्ही काय सुचवतो

दुसऱ्या दिवशी आलमपूर. कर्नूलच्या अलीकडे, तुंगभद्रेच्या काठावर बदामीच्या चालुक्यांनी बांधलेली नवब्रह्म मंदिरं आहेत, आणि जोगुळांबा हे शक्तिपीठही तिथेच. महामार्गापासून थोडंसं आत, तरी बहुतेक लोक सरळ निघून जातात. आमच्या मते या संपूर्ण वाटेवरचा हा सगळ्यात शांत आणि सुंदर थांबा. मुक्काम कर्नूलला.

तिसऱ्या दिवशी लेपाक्षी. विजयनगर काळातलं मंदिर, जमिनीला पूर्ण न टेकणारा खांब, आणि एकाच दगडातला अवाढव्य नंदी. खांबाखालून रुमाल सरकवून बघायला मुलांना फार आवडतं. त्यानंतर बंगळुरू शहरात शिरू नका, अलीकडेच राहा.

मदुराईला मात्र दर्शनाच्या आदल्या संध्याकाळी पोचायलाच हवं. दक्षिणेतली मोठी मंदिरं दुपारी बंद होतात. मीनाक्षी मंदिरही साधारण साडेबारा ते चार बंद असतं. दुपारी एकला दारात उभं राहून परतलेली कुटुंबं आम्ही पाहिली आहेत. कन्याकुमारीतही तसंच. विवेकानंद शिला स्मारकाची बोट सकाळी आठला सुरू होते आणि दुपारी चारच्या सुमारास तिकीट बंद. मदुराईचं दर्शन आटोपून त्याच दिवशी बोट मिळेल असं धरू नका, ती दुसऱ्या सकाळी ठेवा.

दिवाळीत जाणाऱ्यांसाठी: आपल्याकडे पाऊस संपलेला असला तरी तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मोठा पावसाळा. छत्र्या घ्या, आणि सामान कॅरिअरवर असेल तर ताडपत्री आम्ही देतो.

रात्री गाडी का चालवत नाही

रात्री दहा ते पहाटे पाच आमची गाडी उभी असते. यावर लोक नाराज होतात, "दुसरा गाडीवाला तर तयार आहे" म्हणतात. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात चालकाचं काम साधारणपणे दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं सांगितलं होतं (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). कायदा बाजूला ठेवला तरी, रस्त्याच्या कडेला दिव्याविना उभे असलेले ट्रक आणि पहाटेची पेंग यांच्यापुढे चांगला चालकही हरतो. तुमचं कुटुंब मागे झोपलेलं असतं. या नियमात सूट नाही.

दिवस कमी केले तर पैसे वाचतात का?

जवळजवळ नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून आकडे देतो. आमचं बिल दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरून होतं, पण ते रोजचं नाही, संपूर्ण सहलीच्या सरासरीवर. जाणं-येणं, फाटे आणि तिथलं फिरणं मिळून गाडी सुमारे ३,७०० किलोमीटर चालते. १२ दिवसांचे किमान होतात ३,६००. म्हणजे सहल ९ दिवसांत उरका किंवा १२ दिवसांत करा, किलोमीटरचं बिल तेच येतं. फरक पडतो तो फक्त चालकाच्या भत्त्याचा आणि तुमच्या हॉटेलचा. तीन दिवस वाचवायला म्हणून सगळे थांबे कापणं आम्हाला खरोखर पटत नाही.

कन्याकुमारीत एक दिवस जास्त मिळाला तर पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा आणि शुचींद्रमचं मंदिर होतं. राजवाडा सोमवारी बंद असतो. (पश्चिमेकडे जाणाऱ्यांनीही वार बघावा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.)

टोल फास्टॅगवरून कटतो, त्याचा तपशील बिलासोबत मिळतो. वाटेत एखादं राज्य वाढवायचं असेल तर निघण्याआधी सांगा, परमिट आणि टॅक्सचं काम असतं.

आम्हाला काय पाठवायचं

व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख, माणसं किती, वयं, कोणाला गाडी लागते, कोणाचे गुडघे दुखतात, आणि ज्यांच्याशिवाय सहल अपुरी वाटेल अशी तीन ठिकाणं. तीनच. थांबे, तास आणि मुक्कामाची गावं लिहिलेला कागद आम्ही करून देतो. त्याचे पैसे नाहीत, गाडी दुसरीकडून घेतली तरी नाहीत. सहा जणांपर्यंत इनोव्हा पुरते, पण सहा माणसं आणि सहा मोठ्या बॅगा मावत नाहीत, त्यामुळे बॅगा किती तेही लिहा.